आधी हिशेब, मग माफी

ऐरोलीत राहणाऱ्या एका आईचे पत्र आले आहे. त्यांच्या विनंतीवरून नाव, सेक्टर आणि मंडळी (चर्च) यांचा उल्लेख वगळून पत्राचा सारांश देत आहे. घरात पती, सासूबाई, आठ वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षांची मुलगी आहे. कुटुंब मूळचे नगरकडचे, पिढीजात ख्रिस्ती. रविवारी सगळे लोकलने ठाण्याला उपासनेसाठी जातात आणि मुले तिथेच संडे स्कूलमध्ये बसतात. त्या लिहितात :

'शाळेच्या व्हॅनमध्ये एक मोठा मुलगा दोन महिन्यांपासून माझ्या मुलाच्या खोड्या काढतो, टपल्या मारतो, डब्यातले खातो. पहिल्यांदा मुलाने सांगितले तेव्हा मी म्हटले, "आपण ख्रिस्ती आहोत, आपण माफ करायचं." त्यानंतर त्याने सांगणे बंद केले. त्याची पाण्याची बाटली त्या मुलाने खिडकीतून फेकली, हे मला व्हॅनवाल्या काकांकडून कळले. पती म्हणतात, एकदा उलटून हाण, परत वाटेला जाणार नाही. सासूबाई म्हणतात, दुसरा गाल पुढे करायचा. मधल्या मध्ये मुलगा गोगलगाय होईल अशी मला भीती वाटते. दुसरीकडे गर्वही आहेच. वचन पाठांतर स्पर्धेत त्याने बायबलमधील फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील लीनतेची वचने घडाघडा म्हणून पहिला क्रमांक मिळवला आणि मध्येच अडखळलेल्या मुलाला जागेवर येताना म्हणाला, "तुला एवढंपण येत नाही?" मी सगळ्यांसमोर त्याला फटकारले आणि बक्षीस परत करायला लावले. धाकटी रोज काहीतरी मोडते, "सॉरी" म्हणते आणि पुन्हा तेच करते. मुलांना नम्रता आणि क्षमा शिकवायची तरी कशी? ता.क. : त्या रात्री मुलाने विचारले, "आई, तू पप्पांना माफ केलंस का?" आमचा चार दिवस अबोला होता. मी उत्तर दिले नाही.'

प्रिय भगिनी,

सलाम. तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्या वेळी मुख्य प्रश्न बाजूला राहून माझे लक्ष एका छोट्या वाक्यापाशी अडले : 'त्यानंतर त्याने सांगणे बंद केले.' दुसरा गाल आणि उलटा फटका यांवर आपण बोलूच, परंतु आठ वर्षांचा मुलगा दोन महिने रोज त्रास सोसतो आणि घरी येऊन दप्तर टाकून मुकाट्याने जेवायला बसतो, ही गोष्ट मला सर्वांत आधी हातात घ्यावीशी वाटते. माझा तर्क असा की, पहिल्या दिवशी तो सांगायला आला तेव्हा त्याला ऐकून घेणारे कोणी हवे होते आणि त्याच्या हाती एक आज्ञा पडली. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला असावा की या घरात दुखले म्हणून सांगणे हेच ख्रिस्ती माणसाला शोभत नाही. तुम्हाला तसे म्हणायचे नव्हते, हे मला कळते. मुलांना मात्र आपण काय म्हणतो यापेक्षा आपण कुठे थांबतो ते जास्त ऐकू येते आणि तुम्ही 'माफ करायचं' यापाशी थांबलात.

मी हे शहाणपण मिरवण्यासाठी सांगत नाही. ठाण्यात काही वर्षे मी स्वतः संडे स्कूलचा वर्ग घेत असे. एकदा रंगपेटीवरून दोन मुलांचे भांडण झाले आणि मी त्या दोघांना समोरासमोर उभे करून, प्रभूला काय आवडेल वगैरे सांगून, हात मिळवायला लावले. त्यांनी ते मिळवले. मी समाधानाने फळ्याकडे वळले, तोच मागे चिमटा काढल्याचा आवाज, म्हणजे चिमटा बसलेल्याचा आवाज, आला. मी रागावले तेव्हा चिमटा काढणारा सहा-सात वर्षांचा मुलगा शांतपणे म्हणाला, "टीचर, माफ तुम्ही केलंत. मी नाही केलं." त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही. आजही त्याचे म्हणणे मला बरोबरच वाटते.

ज्याचे गेले त्यानेच माफ करायचे असते, आणि काय गेले ते आधी नीट मोजल्याशिवाय माफ करता येत नाही, एवढीच गोष्ट मला या पत्रात प्रामुख्याने सांगायची आहे. आपल्या मराठी प्रभूच्या प्रार्थनेत ती रोज आपल्या तोंडी असते : 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड.' कॅथलिक कुटुंबांत म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनेचे शब्द वेगळे आहेत, परंतु मत्तयाच्या शुभवर्तमानातील मूळ ग्रीक शब्द ऋणाचाच आहे. ऋण सोडायचे तर ऋण आहे हे आधी मान्य करावे लागते. 'काही नाही झालं, जाऊ दे' असे म्हणणारा माणूस काहीच सोडत नसतो, कारण त्याच्या वहीत काही लिहिलेलेच नसते. तुमच्या मुलाच्या वहीत बरेच काही लिहिलेले आहे आणि ते अजून कोणीही वाचलेले नाही.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र विचारतो की भावाला किती वेळा क्षमा करायची, सात वेळा का, आणि येशू त्याला सातांच्या सत्तर वेळा असे सांगतो. आपण मुलांकडून हे उत्तर पाठ करून घेतो आणि त्याला लागूनच येणारी निर्दय चाकराची गोष्ट घाईघाईने उरकतो. राजाने ज्या चाकराचे मोठे देणे सोडले, त्यानेच आपल्या सोबत्याला थोड्या देण्यासाठी तुरुंगात टाकले आणि म्हणून राजाने त्याला शिक्षा केली, अशी ती गोष्ट. ती सुरू कशी होते ते पाहा : राजा आपल्या चाकरांकडून हिशेब घ्यायला बसतो. आधी हिशेब, मग सूट. त्यातील आकडेही मुलांना सांगण्याजोगे आहेत. पहिल्या चाकराचे देणे दहा हजार तालांत आणि त्याच्या सोबत्याचे शंभर दीनार. दीनार ही मजुराची एका दिवसाची रोजी होती आणि एक तालांत म्हणजे सुमारे 6,000 दीनार. आपल्याकडे नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराची रोजी समजा 800 रुपये धरली, तर पहिल्याचे देणे 4,800 कोटी रुपये होते. ते फेडायला एका मजुराला 1,60,000 वर्षांहून अधिक काळ एकही खाडा न करता राबावे लागेल. मुले इथे हसतात आणि त्यांनी हसावेच, कारण तो आकडा अशक्य वाटावा असाच आहे. दुसऱ्याचे देणे मात्र 80,000 रुपये होते. आपण मोठी माणसे ते 'चिल्लर' म्हणून उडवून लावतो. तुमचे कोणी 80,000 रुपये बुडवले तर तुम्ही त्याला चिल्लर म्हणाल का? शंभर दिवसांची मेहनत होती ती. देवाने आपल्याला सोडलेल्या ऋणापुढे ते लहान आहे, परंतु खोटे नाही, आणि मुलाची पाण्याची बाटली व रोजच्या टपल्या यांनाही मी याच मापाने मोजेन.

जाता जाता एक गंमत सांगते. ही गोष्ट मी वर्गात सांगितली तेव्हा एका चुणचुणीत मुलीने विचारले की राजाने तर एकदाच माफ केले आणि दुसऱ्या खेपेला शिक्षा केली, मग सातांच्या सत्तर वेळांचे काय झाले? मी तिला म्हटले की घरी जाऊन विचार करून सांगते. पुढच्या रविवारी माझे उत्तर तिला फारसे पटले नाही, पण 'मला ठाऊक नाही' असे टीचर म्हणू शकतात याचाच तिला अधिक आनंद झालेला दिसला.

आता व्हॅनकडे वळू. आज किंवा उद्या, घरातील इतर कोणी जवळ नसताना, मुलाला सांगा की तू पहिल्यांदा सांगायला आलास तेव्हा मी नीट ऐकले नाही, आता मला सगळे ऐकायचे आहे. समोर बसवून चौकशी केल्यासारखे करू नका. लोकलने ठाण्याहून ऐरोली जेमतेम दोन स्टेशने, परंतु खिडकीबाहेर पाहत शेजारी शेजारी बसलेले मूल मधले दिघा स्टेशन मागे पडेपर्यंत जे बोलते, ते डोळ्यांत डोळे घालून विचारल्यावर तासाभरातही बोलत नाही. कोणत्या दिवशी काय झाले, कोण पाहत होते, सर्वांत जास्त काय लागले, हे त्याला सांगू द्या, आणि तो सांगत असताना मध्येच क्षमेचे वचन काढू नका. कदाचित बाटलीपेक्षा व्हॅनमधली इतर मुले हसली याचेच त्याला जास्त लागले असेल. तसे असेल, तर सोडायचे ऋण तेच आहे आणि आपण भलतेच सोडायला सांगत होतो असे निघेल.

त्यानंतरचे काम मोठ्यांचे आहे, मुलाचे नव्हे. व्हॅनवाल्या काकांना बसण्याच्या जागा बदलायला सांगणे, त्या मुलाच्या आईवडिलांना शांतपणे भेटणे, तेवढ्याने भागले नाही तर शाळेत वर्गशिक्षिकेच्या कानावर आणि मग लेखी घालणे, यांतील कोणतीही गोष्ट क्षमेच्या विरुद्ध नाही. लूकच्या सतराव्या अध्यायात क्षमेची आज्ञा ज्या वाक्यात आहे, त्याच वाक्यात तिच्या आधी, अपराध करणाऱ्या भावाला त्याचा दोष दाखवून द्या असेही सांगितले आहे. आपण वाक्याचा उत्तरार्ध भिंतीवर लावतो आणि पूर्वार्ध विसरतो. त्या मोठ्या मुलाचाही विचार करा. दोन महिने त्याला कोणी अडवले नाही, म्हणजे त्याचेही नुकसानच झाले आहे, आणि त्याच्यावर खरोखर प्रेम करायचे तर कोणीतरी त्याला थांबवायला हवे.

तुमच्या पतींना आणि सासूबाईंना मी एकमेकांविरुद्ध उभे करणार नाही, कारण दोघांच्या म्हणण्यात जपण्यासारखे काही आहे. लेकराला कोणी फुकट चिरडू नये ही पतींची तळमळ खरी आहे. मात्र आठ वर्षांच्या मुलाला आपल्याहून मोठ्या मुलावर हात उगारायला सांगणे म्हणजे बापाने करायचे काम त्याच्यावर ढकलणे आहे, असे मला वाटते. सासूबाई ज्या वचनाचा आधार घेतात ते प्रभूचेच आहे, ते मागे घेता येत नाही. परंतु योहानाच्या अठराव्या अध्यायात प्रमुख याजकासमोर उभ्या असलेल्या येशूला एका शिपायाने चपराक मारली, तेव्हा त्याने काय केले हे त्यांना एकदा मुलाला वाचून दाखवायला सांगा. त्याने फटका परत केला नाही, गप्पही राहिला नाही. मी वाईट बोललो असेन तर ते दाखव, नाहीतर मला का मारतोस, असे त्याने सरळ विचारले. "मला का मारतोस?" हे तीन शब्द मोठ्या आवाजात, त्याच्या डोळ्यांत पाहून म्हणायला तुमच्या मुलाला शिकवता येईल. हवे तर घरी पप्पांबरोबर त्याची तालीम करा. पप्पांनी व्हॅनमधला दांडगा मुलगा व्हावे. वडिलांना मुलाला धीट करायचेच आहे, तर त्यांना हे काम आवडेल. आजींनाही आपले वचन मोडले असे वाटणार नाही.

मनातील क्षमेचे काय, असे तुम्ही विचाराल. ती लादू नका, तिला वेळ द्या. इफिसकरांस पत्रात सूर्य मावळण्यापूर्वी राग सोडून द्यावा असे म्हटले आहे, पण ते ज्याचा राग त्याला सांगितलेले आहे. दुसऱ्याच्या रागावर घड्याळ लावून बसण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. मुलांची कट्टी आणि बट्टी आपण पाहतोच. सकाळी करंगळी दाखवून कट्टी झालेली मुले संध्याकाळी सोसायटीच्या आवारात बट्टी करून एकाच सायकलवर असतात आणि मध्ये कोणा मोठ्याने दखल घेतलेली नसते. तुम्ही रात्रीच्या प्रार्थनेत त्या मुलाचे नाव घ्या, स्वतःच्या तोंडाने घ्या, आणि तुमच्या मुलाला त्या ओळीला 'आमेन' म्हणायचे नसेल तर त्याला गप्प राहू द्या. एखाद्या रात्री तो म्हणेल. किंवा, 'देवा, मला अजून त्याचा राग येतो,' असे म्हणेल. स्तोत्रसंहितेत याहून कितीतरी कडक भाषेत लोकांनी देवाकडे गाऱ्हाणी मांडली आहेत, त्यामुळे ती प्रार्थनाच आहे याबद्दल शंका नसावी.

इथे तुमच्या पत्रात नसलेली एक गोष्ट इतर वाचकांसाठी लिहिणे भाग आहे. त्रास देणारी व्यक्ती मोठी असेल, नातेवाईक, शिकवणीचे सर किंवा मंडळीतीलच कोणी मानाचा माणूस असेल, आणि स्पर्श किंवा बोलणे वाईट असेल, तर मुलापुढे क्षमा हा शब्दसुद्धा उच्चारू नये. ते प्रकरण मिटवण्याचे नसते. मुलांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार अशा गुन्ह्याची माहिती असलेल्याने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे, आणि 1098 या क्रमांकावर मुलांसाठीची मदत विनामूल्य मिळते. 'प्रभूने क्षमा करायला सांगितले आहे' या वाक्याखाली पूर्वी घराघरांत बरेच काही दडपले गेले. ज्या मुलाला 'सांगणे म्हणजे क्षमा न करणे' असे आपण शिकवतो, ते मूल अशा वेळी कोणाकडे जाणार?

धाकटीबद्दल तुम्ही उगाच काळजी करत आहात. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने मुलांना दोन गोष्टी सांगून प्रश्न विचारले होते. एका मुलाकडून दार उघडताना नकळत पंधरा कप फुटले आणि दुसऱ्याने न विचारता मुरंबा काढताना एक कप फोडला, तर अधिक वाईट कोण? लहान मुलांचे उत्तर बहुधा 'पंधरा कप फोडणारा' हेच असे. हेतू पाहून उत्तर देणे साधारण सात-आठ वर्षांच्या पुढे जमू लागते, असे त्याने 1932 साली मांडले. कॅथलिक चर्चमध्येही पोप पायस दहावे यांनी 1910 मध्ये पापनिवेदन आणि प्रथम कम्युनियन (पहिला ख्रिस्तप्रसाद) यांसाठी समजेचे वय सुमारे सात वर्षे धरले, हा मेळ मला नेहमी लक्षणीय वाटतो. तुमच्या पाच वर्षांच्या मुलीला 'सॉरी' ही दार उघडण्याची किल्ली वाटते : म्हटले की आईचे रागावणे थांबते. त्या शब्दाऐवजी तिच्या हाताला काम द्या. फाटलेले पान चिकटपट्टीने जोडायला बसवा, सांडलेले पुसायला फडके द्या, दादाचा रंगखडू मोडला तर आपल्यातला एक त्याला द्यायला लावा. येशू स्वतःहून जकातदार जक्कयाच्या घरी उतरला, तेव्हा जक्कयाने 'सॉरी' म्हटल्याचे लूकने लिहिलेले नाही. कोणाचे लुबाडून घेतले असेल तर चौपट परत करीन, असे तो म्हणाला. पान वेडेवाकडे जोडले गेले तरी चालेल. जोडून झाल्यावर विषय संपला, संध्याकाळी पप्पा आल्यावर त्यांना पुन्हा ऐकवायचा नाही. ऋण फिटल्यावर वही उघडी ठेवली, तर तीही तुमच्याकडून तेच शिकेल.

आता पाठांतर स्पर्धा. हा प्रसंग वाचून मला आधी हसू आले आणि मग वाईट वाटले. लीनतेच्या वचनांना पहिला क्रमांक द्यायचा, त्यासाठी मुलांना मंचावर एकेक करून उभे करायचे, टाळ्या वाजवायच्या, आणि मग मुलगा लीन का राहिला नाही म्हणून रागवायचे, यात मुलाच्या आधी आपणा मोठ्यांचीच थोडी गफलत आहे. त्याने त्या दुसऱ्या मुलाला हिणवले, ते चुकीचेच. परंतु तुम्ही जे केले त्यातून तो लीनता शिकला असेल असे मला वाटत नाही. चारचौघांत कसे खाली पाहायला लावतात, ते तो शिकला. अडखळलेल्या मुलाला त्याने जे केले, तेच त्याच्याहून मोठ्या माणसाने त्याला केले. जो स्वतःला नमवतो तो उंच केला जाईल असे वचन आहे, दुसऱ्याला नमवण्याची नेमणूक त्यात कोणाचीही नाही, आईचीदेखील नाही. आईबापांनी मुलांना चिरडीस आणू नये, असे इफिसकरांस पत्रात सांगितले आहे ते यासाठीच.

लहानपण आणि कमीपणा यांत आपण गल्लत करतो. तुकोबांनी देवाकडे मागितले ते लहानपण, आणि त्याच तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणत, त्यामुळे ही गोष्ट मराठी ख्रिस्ती घरांना तरी परकी नसावी. फिलिप्पैकरांस पत्रातील ज्या ओळी तुमच्या मुलाने म्हटल्या, त्यांतील ख्रिस्त आपण कोण आहोत हे विसरून दास होत नाही. ते ठाऊक असूनच होतो. योहानाने तर येशूने शिष्यांचे पाय धुतल्याचा प्रसंग सांगताना आधी मुद्दाम लिहिले आहे की, पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे हे येशूला ठाऊक होते, आणि मग तो भोजनावरून उठला व कमरेला रुमाल बांधला. तेव्हा मुलाची स्मरणशक्ती चांगली आहे हे त्याला मोकळेपणाने ठाऊक असू द्या. कोणी वाखाणले तर 'नाही नाही, मला काही येत नाही' असे खोटे बोलायला शिकवू नका, 'थँक यू' पुरते. ते पाठांतर आता कोणाच्या उपयोगी पडेल, एवढे मात्र त्याला विचारा. अडखळलेल्या मुलाला पुढच्या वेळी कोणता शब्द आठवला की पुढची ओळ येते, ही युक्ती त्याच्यापाशीच असणार.

परत केलेले बक्षीस शिक्षकांकडून मागून आणा आणि त्याला द्या. ते त्याने पाठांतराने मिळवले होते आणि पाठांतर खरेच चांगले झाले होते. त्या मुलाची माफी मागण्याची गोष्ट वेगळी आहे, ती तशीच वेगळी ठेवा. माफी कशी मागायची हे त्याला ठरवू द्या. चित्र काढून देईल, नाहीतर रविवारी शेजारी जागा धरेल.

पाय धुण्याचा प्रसंग ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारपुरता राखून ठेवायचे कारण नाही. तुमच्या सासूबाईंच्या वयाच्या बहुतेक बायकांचे पाय संध्याकाळी सुजतात. मुलाला वाटीत कोमट तेल घेऊन दहा मिनिटे आजीचे पाय चोळायला बसवा. टाचेच्या भेगा, वर आलेली शीर, अंगठ्याचे जाड झालेले नख हे सगळे त्याला जवळून दिसू द्या. त्या वेळी आजींनी नगरच्या जुन्या गोष्टी सांगाव्यात, उपदेश करू नये. मग एखाद्या दिवशी तो दमून आला की त्याचे पाय तुम्ही चोळा. तो पाय मागे घेईल, पेत्रानेही 'तू माझे पाय कधीही धुवायचे नाहीस' असे म्हटले होते. दुसऱ्याकडून करवून घेणे हुशार मुलांना करण्याहून जड जाते, आणि तुमचा मुलगा त्या जातीचा दिसतो.

हे सारे लिहूनही मला माहीत आहे की मुले ऐकून थोडे शिकतात आणि पाहून पुष्कळ. तुम्ही मुलाला सर्वांसमोर बोललात. आता त्याच्याकडे जाऊन, 'मी तुला सगळ्यांसमोर ओरडले ते चुकले, तुला किती लाज वाटली असेल,' असे म्हणा आणि तिथेच थांबा. 'पण तूही...' असे पुढे जोडले की सगळे मुसळ केरात. आईबापांनी मुलांची माफी मागितली तर मान राहणार नाही, असे अनेकांना वाटते. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात आपल्या पतीचा, म्हणजे रेव्हरंड टिळकांचा, तापटपणा आणि स्वतःच्या फजित्या हसत हसत लिहून ठेवल्या, त्याने त्या दोघांचा मान मराठी वाचकांच्या मनात कमी झाला का?

आणि तुमचा ताजा कलम. मुलाने विचारले, 'तू पप्पांना माफ केलंस का?' आणि तुम्ही उत्तर दिले नाही. मला वाटते, तुमच्या घरातील क्षमेचा धडा त्या प्रश्नापासूनच सुरू होतो. भांडणाचे कारण त्याला सांगण्याची गरज नाही, ते तुम्हा दोघांचे आहे. मिटले नसेल तर मिटले असे खोटे सांगू नका. 'अजून नाही केलं, मला राग आहे, पण मी आणि पप्पा बोलणार आहोत,' असे उत्तर आठ वर्षांच्या मुलाला झेपते. मग खरोखर बोला, तुमच्या वहीत काय लिहिले आहे ते पतींना सांगा आणि त्यांच्या वहीतले ऐका. रात्री मुले झोपल्यावर बोललात तर सकाळी त्यांना ते कळणार नाही, म्हणून चहाच्या वेळी, मुले तिथेच बसलेली असताना, पतींना नावाने हाक मारा आणि बिस्किटांचा डबा पुढे करा. चार दिवसांचा अबोला दोघा मुलांनी पाहिला आहे, तो सुटतानाही त्यांना दिसू द्या.